उपकेंद्राच्या दारावरचा दोडका

शुक्रवारी सकाळी साहेबांनी उत्तराचा कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाच."

मी मनात वाचला. दोनच ओळी होत्या.

"आता मोठ्याने वाच."

मी मोठ्याने वाचलं, "एक : हे खरे नाही. दोन, तीन व चार : प्रश्न उद्भवत नाही."

"छान," साहेब म्हणाले. "चार मार्कांच्या प्रश्नाला शून्य मार्क."

साहेब म्हणजे आमचे आमदार. मतदारसंघ दक्षिण कोकणातला, डोंगर आणि खाडी यांच्या मधला. राजकारणात यायच्या आधी ते हायस्कुलात गणित शिकवायचे आणि ती खोड गेलेली नाही. मी त्यांची पीए. माझं आडनाव जाधव. मला सगळे मॅडम म्हणतात, फक्त साहेब चिडले की 'जाधवबाई' म्हणतात. त्या दिवशी त्यांनी मला दोन्हींपैकी काहीच म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

प्रश्न काय होता ते सांगते. साहेबांच्या मतदारसंघात कातळवाडी नावाचं गाव आहे. तिथे एक आरोग्य उपकेंद्र आहे. उपकेंद्र म्हणजे गावातला सगळ्यात छोटा सरकारी दवाखाना. डॉक्टर नसतो, एक सिस्टर असते. लसी, गोळ्या आणि वेळ पडली तर बाळंतपण, सगळं तीच बघते. अधिवेशनाच्या दीड महिना आधी सुनंदाताई घाडी आमच्या ऑफिसात आल्या होत्या. मूळच्या कातळवाडीच्या, आता राहायला घाटकोपरला. मुलुंडच्या एका पाळणाघरात स्वयंपाक करतात. त्यांची मुलगी शुभांगी गावातच दिलेली आहे आणि ती पोटुशी होती.

"मॅडम, उपकेंद्रात सिस्टर नाय. वर्ष झालं. काय तरी करा ना," त्या म्हणाल्या.

शुभांगीचं पहिलं बाळ तालुक्याला नेताना जीपमध्येच गेलं होतं. सुनंदाताईंनी ते एका वाक्यात सांगितलं आणि पदराने टेबल पुसायला लागल्या. टेबल स्वच्छ होतं.

मी लगेच तारांकित प्रश्न तयार केला. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. या प्रश्नांचा साचा ठरलेला असतो. पहिलं कलम 'अमुक अमुक हे खरे आहे काय?' दुसरं 'असल्यास, चौकशी केली आहे काय?' तिसरं 'असल्यास, कोणती कारवाई केली?' आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' हा साचा मला झोपेत पाठ आहे. मी लिहिलं, 'कातळवाडी उपकेंद्रातील सिस्टरचे पद गेल्या वर्षभरापासून रिक्त आहे, हे खरे आहे काय?'

खात्याने कळवलं, पद भरलेलं आहे. हे खरे नाही. पहिली पायरीच काढून घेतली की वरच्या तिन्ही आपोआप पडतात. शिवाय यादीत आमचा प्रश्न नववा होता. प्रश्नोत्तराचा तास तिथवर पोचलाच नाही, म्हणून उभं राहून उलट विचारायचीही सोय राहिली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उद्या कोणीही विचारलं असतं, तर सरकारने छापील कागद पुढे केला असता की आमदारांनीच विचारलं होतं, सगळं ठीक आहे.

"ती बाई खोटं बोलली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग खातं खोटं बोललं?"

"विधानसभेत लेखी? नाही, तेवढी हिंमत कोणी करत नाही."

"मग कातळवाडीत सिस्टर आसा की नाय?" चिडले की ते गावच्या बोलीत जातात. "ह्यां गणित माका सुटणा नाय."

मलाही सुटत नव्हतं. आणि शुभांगीला आठवा लागला होता. तिला मुंबईला आणावं तर डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून बजावलेलं आणि घरी सासू अंथरुणाला खिळलेली. कातळवाडी ते तालुका, घाटाने दीड तास. तिला कळा सुरू होण्याआधी त्या उपकेंद्राचं दार उघडायला हवं होतं. दुसरं काही नाही.

आता रविवारबद्दल सांगायला हवं. लोकांना वाटतं, ग्रामीण आमदाराचा मतदारसंघ गावात असतो. कोकणातल्या आमदाराचा अर्धा मतदारसंघ मुंबईच्या उपनगरांत असतो. प्रत्येक गावाचं मुंबईत एक ग्रामस्थ मंडळ असतं. कोणाचे आजोबा गिरणीत होते, आता नातू बँकेत, कुरिअरमध्ये, हॉस्पिटलात. पण गावचं काय करायचं ते अजून कांदिवलीत नाहीतर घाटकोपरात ठरतं. मत गावात पडतं, ते कोणाला द्यायचं याचा फोन इथून जातो. म्हणून अधिवेशनात सोमवार ते शुक्रवार सभागृह, शनिवारी पत्रं आणि रविवारी मंडळं, असा आमचा आठवडा. आमचं ऑफिससुद्धा घाटकोपर पूर्वेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. मी मुलुंडला राहते, मलाही सोयीचं. मंडळांनी सांगितलेली कामं मी एका निळ्या वहीत लिहिते. पहिल्या पानावर त्या आठवड्याचं एक नंबरचं काम.

त्या आठवड्याचं एक नंबरचं काम होतं कातळवाडीचा घाटरस्ता. गणपतीला मुंबईकरांच्या गाड्या गावात नीट जाव्यात म्हणून. साहेबांनी त्यावर लक्षवेधी मांडायचं कबूल केलं होतं. लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना. ती लागली की मंत्र्यांना निवेदन करावं लागतं आणि मग त्यांना समोरासमोर प्रश्न विचारता येतात. पण रोज मोजक्याच लागतात. साहेबांच्या वाट्याला आठवड्यात एक आली तरी नशीब.

रविवारी दुपारी घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कातळवाडी मंडळाची सभा होती. ऐंशीएक माणसं. अध्यक्ष गुरुनाथ परब. बँकेत हेड कॅशियर, पांढरा शर्ट, बोलणं एकदम कडक. या मंडळाची एक रीत आहे. सभा गाऱ्हाण्याने सुरू होते. गाऱ्हाणं म्हणजे गावच्या देवाला उभं राहून, मोठ्याने, आपल्या बोलीत घातलेली विनंती. एकजण म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ज्या कामाला सभेने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, ते मंडळाचं झालं. मग त्यात कोणी फाटे फोडत नाही.

मी सोलापूरकडची, आमच्या घरी बुद्धवंदना. देवाला गाऱ्हाणं घालायची मला सवय नाही. मी आपली मागे बसून वही उघडून असते.

परबांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि रस्त्याचं गाऱ्हाणं घातलं. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. साहेबही म्हणाले. आता रस्ता पक्का, असं धरून मी वहीवर टिकमार्क करणार, तेवढ्यात मागून सुनंदाताई उभ्या राहिल्या.

"अध्यक्षांनू, माजा पण गाराणा घाला."

"सुनंदा, विषयपत्रिकेत नाय ता," परब म्हणाले. "शेवटाक बघूया."

"देवाक विषयपत्रिका लागता?"

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. परब हसले नाहीत. "सरकारान उत्तर दिल्यानी ना? पद भरलेला आसा. विषय संपलो."

"उत्तर दिल्यानी, पण सिस्टर खंय दिल्यानी?" सुनंदाताईंचा आवाज चढला. "तुमची गाडी घाटात अडाकली तर तुमी उतरून चालत जाशात. माज्या चेडवान खंय उतराचा?"

चेडू म्हणजे मुलगी. साहेब खाली बघत होते. परबांनी नारळावरचा हात काढला, परत ठेवला. रीत अशी आहे की मागितलेलं गाऱ्हाणं नाकारता येत नाही. ते परत उभे राहिले. डोळे मिटले. आणि त्यांचा तो कडक आवाज एकदम बसलाच.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"सुनंदाच्या चेडवाक आठवो म्हयनो चालू आसा... पयला पॉर वाटेर गेला..."

"व्हय म्हाराजा!"

"उपकेंद्राक कुलूप आसा. जी आमची सिस्टर, तिका थंयसून उचलून तालुक्याच्या हापिसात कॉम्प्युटरवर नेऊन बसवलेली आसा..."

या वेळी 'व्हय म्हाराजा' जरा उशिरा आलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती.

"ती सिस्टर पोराच्या आदी कातळवाडीत येंव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

माझं पेन थांबलं होतं. सिस्टर तालुक्याला आहे, हे त्या हॉलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. परबांना होतं. माणूस सभेत गप्प राहू शकतो. देवासमोर उभा राहून हातचं राखणं त्यांना जमलं नाही.

सभा संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "परबसाहेब, तुम्हाला कसं माहीत?"

"ती माझी सख्खी बहीण आहे, मॅडम." आता ते साध्या मराठीत बोलत होते. "तिला टायपिंग चांगलं येतं, म्हणून डेप्युटेशनवर घेतलं. पगार कातळवाडीच्या पदावर, काम तालुक्याला. गावाला वाटतं, तिची बदली झाली. ती रोज म्हणते, मला परत पाठवा. ऑर्डरची झेरॉक्स माझ्याकडे आहे. पण ती बाहेर आली तर तिची वाट लागेल. म्हणून गप्प बसलो." मग म्हणाले, "लाज वाटते, पण बसलो."

"झेरॉक्स खिशातच ठेवा," मी म्हटलं. "तिचं नाव कुठेही येणार नाही. शब्द देते."

डेप्युटेशन, सरकारी भाषेत प्रतिनियुक्ती. माणूस एका जागेचा, बसवलेला दुसऱ्या जागी. कागदावर पद भरलेलं, दाराला कुलूप. खातं खरं बोललं होतं, सुनंदाताईही खरं बोलल्या होत्या. चूक माझी होती. त्या म्हणाल्या होत्या, 'सिस्टर नाय.' मी ऑफिसच्या सवयीने त्याचं 'पद रिक्त आहे' केलं. फार वर्षं खुर्चीत बसलं की असं होतं. समोरचा माणसाबद्दल बोलतो, आपण पदाबद्दल लिहितो.

ऑफिसात आले तेव्हा कानात ते गाऱ्हाणंच होतं. त्यात एकदाही 'हे खरे आहे काय' नव्हतं. काय झालंय, काय पाहिजे आणि कधीपर्यंत, एवढंच. मला तर तो माझ्यापेक्षा चांगला मसुदा वाटला. मी साचा बाजूला ठेवला आणि लक्षवेधी नव्याने लिहिली. 'कातळवाडी उपकेंद्र वर्षभर कुलूपबंद असून गरोदर मातांच्या जिवाला निर्माण झालेला धोका' असा विषय. सोबत साहेबांसाठी वेगळ्या कागदावर तीन प्रश्न. तिन्ही 'किती'चे.

साहेबांनी कागद वाचला आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले. "वर्गात 'समजलं का?' विचारलं की सगळी पोरं हो म्हणतात, मॅडम. 'उत्तर किती आलं?' विचारलं की खरं कळतं."

मॅडम म्हणाले. मला बरं वाटलं.

"आणि रस्ता?" मी विचारलं.

"मी दोन्ही वेळा 'व्हय म्हाराजा' म्हटलंय. पण दुसऱ्यांदा मनापासून."

मग मी शुभांगीला फोन केला. म्हटलं, तू चालू नकोस, पण नवऱ्याला उपकेंद्राच्या दाराचा फोटो काढायला सांग. अर्ध्या तासात फोटो आला. शेजारच्या म्हातारीने दोडक्याचा वेल लावला होता. मांडव घालायचा कंटाळा, म्हणून उपकेंद्राच्या दारावर सोडलेला. वेल कडीकोयंड्याला वेटोळं घालून वर पाटीपर्यंत गेला होता आणि 'आरोग्य' या शब्दावर पिवळी फुलं आली होती. ग्रिलमध्ये विजेची बिलं खोचलेली होती, एकावर एक. मी तिच्या नवऱ्याला ती एकेक करून दाखवायला सांगितली. बारा बिलं निघाली. प्रत्येकावर वापरलेले युनिट शून्य.

हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी ते फोटो मोठे करून छापले.

सोमवारी सकाळी सूचना दिली. बुधवारच्या यादीत ती लागली. मंगळवारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण खातं शेवटच्या क्षणी काय पुढे करेल याचा नेम नसतो.

बुधवारी मी ऑफिसातच होते. कामकाजाचं थेट प्रक्षेपण मोबाइलवर दिसतं. सुनंदाताई पाळणाघरातून लवकर सुटून आल्या होत्या आणि माझ्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. मंत्र्यांनी निवेदन वाचलं. त्यात तेच होतं, पद भरलेले आहे.

सुनंदाताईंनी माझा हात धरला. "परत तेच सांगतायत ना?"

"ऐका हो जरा."

साहेब उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, पद भरलेलं आहे हे मला मान्य आहे. मी रिक्त म्हणतच नाही. माझे फक्त तीन प्रश्न. गेल्या वर्षभरात या उपकेंद्रात बाळंतपणं किती झाली? लसीकरण किती वेळा झालं? आणि वीज किती युनिट जळली?"

मंत्री कागद चाळायला लागले. मागून एक चिठ्ठी आली. ती वाचून ते म्हणाले, "माहिती घेऊन पटलावर ठेवतो."

"घ्यायची गरज नाही, महोदय. मी देतो." साहेबांनी पहिला फोटो उंच धरला. "बारा बिलं. बाराही महिने शून्य युनिट. सिस्टर जर तिथे असेल, तर ती वर्षभर अंधारात बसून आहे." मग दुसरा. "आणि हा दोडका. दारावर वाढलाय. या दारातून वर्षभरात कोणी आत गेलं असतं, तर हा वेल तुटला नसता का?"

सभागृहात हशा उसळला. सत्ताधारी बाकांवरूनही. साहेब मात्र हसले नाहीत. वर्गात पोरं हसली तरी मास्तरांनी हसायचं नसतं.

"हसा," ते म्हणाले. "त्या गावात एका पोरीला आठवा महिना आहे. पहिलं मूल तिने जीपमध्ये गमावलंय. मला पद नको, महोदय. मला दार उघडणारी सिस्टर पाहिजे, आणि ती किती दिवसांत येणार ते आत्ता पाहिजे."

हशा थांबला. अध्यक्षांनी मंत्र्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मंत्रिमहोदय, दिवस सांगा."

मंत्री माणूस सरळ असावा. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली. "आठ दिवसांत सिस्टर मूळ जागी रुजू होईल. केवळ इथलीच नाही. या जिल्ह्यात उपकेंद्रांतून ज्यांना ज्यांना इतर कामाला नेलंय, त्या सर्वांच्या प्रतिनियुक्त्या आजच रद्द करतो."

मी खुर्चीतून उडालेच. एका सिस्टरसाठी गेलो होतो, जिल्हाभरच्या मिळाल्या! आणि आमच्या सिस्टरचं नाव कुठे आलंच नाही. ती सगळ्यांबरोबर परत निघाली. सुनंदाताईंना नीट कळलं नव्हतं. "काय झाला? काय म्हणाले?" मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडल्या. मंडळाच्या ग्रुपवर तोवर 'व्हय म्हाराजा'चा पाऊस सुरू झाला होता. परबांचा मेसेज सगळ्यांत शेवटी आला. नुसते जोडलेले हात.

सभागृहातलं आश्वासन आणि गावातलं दार यांत बरंच अंतर असतं, म्हणून मी रोज एक फोन करत राहिले. सहाव्या दिवशी ऑर्डर निघाली. सातव्या दिवशी सिस्टर पिशवी घेऊन कातळवाडीच्या स्टॉपवर उतरली. कुलूप गंजलेलं होतं, ते फोडावं लागलं. म्हातारीने वेल तोडू दिला नाही. गावच्या माणसांनी दोन तास खपून तो बाजूच्या मांडवावर चढवला.

श्रावणात, एका मंगळवारी दुपारी, त्याच उपकेंद्रात शुभांगी बाळंत झाली. मुलगी झाली. सुनंदाताईंनी पाळणाघरातून फोन केला, तेव्हा मागे दुसऱ्याच कोणाची तरी दहा पोरं रडत होती आणि बाई हसत होत्या. फोन ठेवल्यावर मी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. इतक्या वर्षांत शेकडो प्रश्न लिहिले, त्यांतल्या एकाचं उत्तर रडतं-हसतं आलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पंधरा दिवसांनी गावाहून सुनंदाताईंकरवी ऑफिसात एक पिशवी आली. त्यात दोडके होते, त्याच वेलाचे. साहेबांना दोडका अजिबात आवडत नाही. मी डब्यात भाजी करून नेली. त्यांनी मुकाट्याने खाल्ली आणि वर विचारलं, "किती उरलेत?"

रस्ता राहिला. गणपतीला परबांची गाडी घाटात आपटली आणि सायलेन्सर निखळून पडला. ते उतरून चालत गेले आणि कोणाकडे तक्रार केली नाही. आता निळ्या वहीच्या पहिल्या पानावर रस्ताच आहे. पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न मी लिहून ठेवलाय. 'रस्ता खराब आहे, हे खरे आहे काय?' असं त्यात नाही. मंडळाच्या दोन माणसांना घाटात पाठवलं होतं. खड्डे मोजून आणलेत.